यादी आहे, गाणीही आहेत, तरी वाजत का नाही?

तुमच्याकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीची एखादी प्लेलिस्ट असेल, म्हणजे संगणकावरच्या प्लेअरमध्ये स्वतः बसून लावलेली गाण्यांची यादी, तर ती आज उघडून बघा. बहुतेक वेळा नावं सगळी दिसतील आणि वाजणार काहीच नाही. गाणी हरवलेली नसतात. ती त्याच डिस्कवर कुठेतरी असतात. हरवलेला असतो तो यादीतली ओळ आणि फाइल यांच्यामधला दुवा.

माझी पीएचडी याच दुव्यांवर चालली आहे. विषयाचं औपचारिक नाव लांबलचक आहे, पण साध्या भाषेत सांगायचं तर लोकांनी घरी जमवलेल्या संगीतसंग्रहांतल्या तुटलेल्या नोंदी पुन्हा जोडायच्या, आणि जोडताना आपली किती खात्री आहे हे प्रामाणिकपणे मोजायचं. त्यासाठी मी कमांड लाइनवर चालणारं एक छोटं साधन लिहितेय. त्याला मी ‘माळ’ म्हणते. आजच्या लेखात ते कसं विचार करतं ते सांगते. प्रोग्रामिंग येत नसेल तरी चालेल, गणित अकरावीच्या पुढचं नाही.

आधी हे महत्त्वाचं का, ते

‘गाणी शोधायचीच तर नवी यादी करा की’, असं मला बरेचजण सांगतात. त्याचं उत्तर एका उदाहरणात आहे.

मी ज्या संग्रहांवर काम करते त्यातला एक सातारा भागातल्या एका निवृत्त शिक्षकांचा आहे. ते आता नाहीत. त्यांच्या मुलीनं डिस्क माझ्याकडे दिली. डिस्कवर ध्वनिमुद्रणं भरपूर आहेत, पण तशी अनेकांकडे असतात. वेगळ्या आहेत त्या सरांच्या याद्या. एका यादीत मारवा, पूरिया आणि सोहनी एकाआड एक लावलेत. ज्यांना गाण्याचं अंग आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. या तिन्ही रागांत स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. फरक आहे तो जोर कुठे द्यायचा आणि कुठल्या सप्तकात जास्त रमायचं याचा. मारव्यात रिषभ-धैवत, पूरियात गांधार-निषाद आणि मंद्राकडे ओढ, सोहनी वर तार सप्तकात चमकणारी. दुसऱ्या यादीत तसंच भूप आणि देशकार शेजारी-शेजारी. स्वर पाचही तेच, राग दोन.

म्हणजे ही यादी हा एक धडा आहे. कुठल्या ध्वनिमुद्रणानंतर कुठलं ऐकलं की फरक कानाला कळतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं ऐकून ठरवलं होतं. ते कुठेही लिहून ठेवलेलं नाही. आहे तो फक्त क्रम. फाइली सुरक्षित असूनही तो क्रम गेला, तर धडा गेला. आणि त्याहून वाईट म्हणजे साधनानं चुकून पूरियाच्या जागी मारवा बसवला, तर धडा आहे असं वाटेल पण तो चुकीचा असेल. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच येणार आहे.

यादीत असतं तरी काय

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे एमथ्रीयू. हा मूळचा फ्राउनहोफर संस्थेच्या विनप्ले-थ्री या प्लेअरसाठी केलेला, पुढे विनॅम्पमुळे घरोघरी पोचला. आत साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्येही उघडतो. पहिल्या ओळीत ही एमथ्रीयू आहे अशी खूण, मग प्रत्येक गाण्याच्या दोन ओळी. त्या साधारण अशा दिसतात:

#एक्सटिन्फ:२०३,गायकाचं नाव - राग मारवा
डी:\गाणी\जुनी\मारवा-२.एमपीथ्री

वरच्या ओळीत लांबी सेकंदांत आणि दाखवायचं नाव. खालच्या ओळीत फाइलचा पत्ता. वरची ओळ असेलच असं नाही, आणि लांबी माहीत नसेल तर तिथे उणे एक लिहितात. गाणं स्वतः यादीत नसतंच. यादी म्हणजे पत्त्यांची वही. माणूस घर बदलून गेला की वहीतला पत्ता जसा निकामी होतो, तसंच इथे.

याला पर्याय आहेत. पीएलएस नावाच्या प्रकारात फाइल-१, शीर्षक-१, लांबी-१ असे क्रमांक घालून लिहितात. इंटरनेट रेडिओवाल्यांनी तो बराच वापरला. ऑग आणि फ्लॅक ज्यांच्याकडचे, त्या झिफ मंडळींचा एक्सएसपीएफ हा प्रकार मला जास्त शहाणा वाटतो. त्यात पत्त्याशिवाय गायक, शीर्षक, अल्बम, मिलिसेकंदांत लांबी असं सगळं वेगवेगळ्या खणांत ठेवता येतं. त्यामागचा विचार असा, की पत्ता चालला नाही तर प्लेअरनं या वर्णनावरून गाणं स्वतः शोधावं. विचार उत्तम, पण घरोघरच्या डिस्कवर सापडतात त्या एमथ्रीयूच. म्हणून माळेची सुरुवात तिथून.

ओळ मरते कशी

पत्ता तुटण्याची कारणं वरवर क्षुल्लक असतात. मला वारंवार भेटणारी ही काही:

एक, डिस्क बदलली. विंडोजवर डी होती ती ई झाली, किंवा सगळं लिनक्सवर गेलं. तिथे ड्राइव्हचं अक्षर नसतं आणि तिरकी रेघ उलट्या बाजूला झुकते.

दोन, लहान-मोठी रोमन अक्षरं. विंडोजला ‘मारवा’ची रोमन स्पेलिंग मोठ्या अक्षरानं सुरू झाली काय किंवा लहान, फरक पडत नाही. लिनक्सला पडतो.

तीन, न दिसणारी चिन्हं. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन चिन्हं असतात, लिनक्सवर एक. भोळा प्रोग्राम ते उरलेलं चिन्ह फाइलच्या नावाचाच भाग समजतो. पडद्यावर दोन्ही नावं तंतोतंत सारखी, तरी ‘फाइल सापडली नाही’. फाइलच्या अगदी सुरुवातीला कधी यूटीएफची खूणगाठ असते, तीही अशीच अदृश्य. तिच्यामुळे पहिली ओळच ओळखता येत नाही.

चार, प्रश्नचिन्हं. हे आपल्यासाठी खास. युनिकोड न समजणाऱ्या जुन्या विंडोज प्लेअरनं देवनागरी नावाची यादी साठवली, की प्रत्येक चिन्हाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह बसतं. यादीभर नुसती प्रश्नचिन्हं बघून माणूस हात टेकतो. पण थांबा, इथे सगळंच गेलेलं नसतं. मोकळ्या जागा आणि चिन्हांची संख्या बहुतेक वेळा शिल्लक असते. ‘राग मारवा’ हे र, काना, ग अशी तीन, मग म, काना, र, व, काना अशी पाच चिन्हं. म्हणजे तीन प्रश्नचिन्हं, जागा, पाच प्रश्नचिन्हं. ‘राग दरबारी कानडा’ म्हणजे तीन, सहा, पाच. एवढ्या आराखड्यावरून डिस्कवरची पुष्कळशी नावं बाद करता येतात.

पण केदार? क, मात्रा, द, काना, र. पाचच! मारवा आणि केदार या आराखड्यात जुळे भाऊ आहेत. यमन आणि भूपही तसेच, तीन-तीन. तेव्हा हा पुरावा आहे, निकाल नाही.

‘दुसऱ्या’ शब्द किती प्रकारे लिहिता येतो?

हा भाग मराठीत काम करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल, संगीताशी देणंघेणं नसलं तरी.

समजा फोल्डरचं नाव आहे ‘दुसऱ्या दिवसाची मैफल’. त्यातला आडवी रेघ असलेला रफार, ‘ऱ्य’ मधला, संगणकात तीन वेगळ्या पद्धतींनी साठवलेला सापडतो. पहिली, युनिकोडमधलं ०९३१ क्रमांकाचं स्वतंत्र ‘ऱ’, मग हलन्त, मग य. दुसरी, साधा ‘र’ आणि त्याखाली सुटा नुक्ता, मग हलन्त, मग य. तिसरी, साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह, मग य. डोळ्यांना तिन्ही एकच. संगणक मात्र बाइट मोजतो, आणि त्याच्या लेखी हे तीन वेगळे शब्द, म्हणजे तीन वेगळी फोल्डरं.

पहिल्या दोन पद्धतींना युनिकोड स्वतःच समान मानतं. ‘एनएफसी’ नावाचं प्रमाणीकरण चालवलं की दुसरीची पहिली होते. जुन्या मॅकवरची एचएफएस प्लस ही व्यवस्था उलट करायची: अशी जोड अक्षरं सुटी करून ठेवायची. त्यामुळे मॅकवरून लिनक्सवर आलेल्या संग्रहात हा घोळ हमखास. तिसरी पद्धत मात्र प्रमाणीकरणाच्या तावडीत सापडत नाही. ‘ॲ’चंही असंच आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधी, आणि कितीतरी ठिकाणी त्यानंतरही, ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवलं जायचं. या दोन्ही रूपांना युनिकोड समान मानत नाही.

म्हणून माळ प्रत्येक नावाची मनातल्या मनात एक ‘तुलनेची प्रत’ करते. प्रमाणीकरण करायचं, तिसऱ्या पद्धतीचा रफार पहिल्या पद्धतीत आणायचा, उरलेली अदृश्य चिन्हं काढायची, ‘ॲ’ची दोन रूपं एक करायची. ही प्रत फक्त ताडून बघायला. डिस्कवरच्या फाइलचं नाव माळ कधीच बदलत नाही. ते काम तिचं नाही.

जाता जाता: लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटांची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे आपल्याला मिळतात फक्त ८५ चिन्हं, काना-मात्रे धरून. गायक, राग, ताल, साथीदार, गाव, साल असं सगळं नावात कोंबायची सवय असलेल्यांची नावं कधी कधी मध्येच कापलेली असतात, ती यामुळे.

बटणांचं साधन का नाही?

हे मला घरचेही विचारतात. काळ्या पडद्यावर टाइप करण्यात काय मजा?

पहिलं कारण, एकाच डिस्कवर शंभरेक याद्या असू शकतात. प्रत्येक उघडा, निवडा, साठवा, असं करत बसायला आयुष्य कमी पडेल. कमांड लाइनवर ‘या फोल्डरमधल्या सगळ्या’ म्हटलं की झालं. दुसरं कारण, केलेलं काम जसंच्या तसं पुन्हा करता येतं आणि दुसऱ्याला तपासता येतं. संशोधनात हे फार मोलाचं. मी काय केलं याचा पुरावा म्हणजे मी दिलेल्या आज्ञांची यादी.

‘मग त्यासाठी नवीन साधन कशाला, युनिक्सची मजकूर हाताळणारी साधनं आहेतच की’, हाही प्रश्न रास्त. एमथ्रीयू साधा मजकूर आहे, त्यामुळे शोधणं, मोजणं ही कामं त्या साधनांनी सहज होतात. पण यादी अकारविल्हे लावायला किंवा पिसायला गेलात की फसलात. तिथे ओळ हे एकक नाही, दोन ओळींची जोडी हे एकक आहे. क्रम लावणारं साधन सगळ्या लांबीच्या ओळी एकीकडे आणि सगळे पत्ते दुसरीकडे करून ठेवतं. म्हणजे पत्रिका एकाची आणि नवरदेव दुसराच. जोडी न तोडता काम करणं, एवढ्यासाठीसुद्धा वेगळं साधन लिहावं लागतं.

माळेच्या आज्ञा तीनच आहेत. टाइप रोमनमध्ये करायच्या, पण शब्द मराठी ठेवलेत. ‘तपास’ म्हणजे कुठल्या ओळी जिवंत, कुठल्या मेलेल्या ते सांग. ‘जुळव’ म्हणजे मेलेल्या ओळींना उमेदवार शोध. ‘लिही’ म्हणजे मी मान्य केलेले बदल नव्या फाइलमध्ये उतरव. पहिल्या दोन आज्ञा डिस्कवर एक अक्षरही लिहीत नाहीत.

जुळणीचं गणित

आता खरा गाभा. मेलेली एक ओळ आहे. डिस्कवर हजार फाइली आहेत. यातली कुठली तिची?

हा प्रश्न संगीतापेक्षा खूप जुना आहे. जनगणनेतला माणूस आणि दवाखान्याच्या नोंदीतला माणूस एकच का, हे ठरवायला सरकारी खात्यांना तो पडत आलाय. १९४६ साली हॅलबर्ट डन यांनी त्याला ‘नोंदजोडणी’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि १९६९ साली आयव्हन फेलेगी आणि ॲलन संटर यांनी त्याला पक्कं गणित दिलं. त्यांची कल्पना मी इथे उसनी घेतलीय.

कल्पना अशी. प्रत्येक पुराव्यासाठी दोन प्रश्न विचारा. जोडी खरी असेल तर हा पुरावा जुळण्याची शक्यता किती? आणि जोडी खोटी असेल तरी तो योगायोगानं जुळण्याची शक्यता किती? पहिलीला दुसरीनं भागा. भागाकार जितका मोठा तितका पुरावा वजनदार. त्याचं दोनच्या पायाचं लॉगॅरिदम घेतलं की वजनांची नुसती बेरीज करता येते, एवढंच लॉगॅरिदमचं काम.

लांबीचा पुरावा घेऊ. समजा संग्रहात १००० फाइली आहेत आणि त्यातल्या ६०० जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या आहेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटंच मावायची, त्यामुळे त्या सगळ्या, समजा, तीन मिनिटं ते तीन मिनिटं चाळीस सेकंद या पट्ट्यात दाटीवाटीनं बसल्यात. दर सेकंदाला सरासरी १५ फाइली. आपण दोन सेकंद इकडे-तिकडे चालवून घेतो, म्हणजे पाच सेकंदांची खिडकी. तिच्यात ७५ फाइली येतात. हजारात ७५, म्हणजे योगायोगाची शक्यता ०.०७५. खरी जोडी असेल तर लांबी जुळण्याची शक्यता ०.९५ धरा. भागाकार १२.७ च्या आसपास, वजन साधारण ३.७.

आता तीच ओळ ४७ मिनिटांच्या मैफलीची असती तर? तेवढ्या लांबीची फाइल हजारात एखादीच. योगायोगाची शक्यता ०.००१, भागाकार ९५०, वजन जवळजवळ १०.

बघा, ‘लांबी जुळली’ हे वाक्य दोन्हीकडे तेच, पण एकीकडे त्याला जेमतेम किंमत आणि दुसरीकडे ते जवळजवळ सही-शिक्क्यासारखं. गावात पाटील आडनाव जुळलं तर काय सिद्ध होतं? पण एखादं विरळा आडनाव जुळलं तर आपण लगेच ‘अरे, त्यांच्यातलेच का?’ म्हणतो. तेच हे. नावाच्या बाबतीतही माळ असंच करते. ‘राग’ हा शब्द जुळल्याचं वजन जवळपास शून्य, कारण तो सगळीकडे आहे. ‘खोकर’ जुळला तर बरंच.

नावं ताडताना अजून एक अडचण येते ती रोमन स्पेलिंगची. ‘भीमसेन’ कुणी एका ‘आय’नं लिहितो, कुणी दोन ‘ई’ घालून. अमेरिकेत १९१८ साली पेटंट घेतलेली साउंडेक्स नावाची उच्चारावर चालणारी पद्धत आहे, पण ती तिकडच्या आडनावांसाठी. आपला ‘ख’ आणि ‘क’, ‘ध’ आणि ‘द’ यांच्याशी तिला कर्तव्य नाही. म्हणून मी नावं आधी एका ढोबळ मराठी उच्चारात आणते, ऱ्हस्व-दीर्घ एक करते आणि मग किती अक्षरं बदलली की एका नावाचं दुसरं होतं ते मोजते. रागांच्या नावांना मात्र ही ढिलाई नाही. ‘पूरिया’ आणि ‘पूरिया धनाश्री’ दिसायला शेजारी असले तरी राग वेगळे. त्यासाठी रागनामांची एक स्वतंत्र यादी माळेत आहे आणि तिथे पूर्ण नाव जुळलं तरच जुळलं.

‘शझॅमसारखं गाणं ऐकून ओळखता येत नाही का?’ येतं, पण ऐकायचं काय? मेलेल्या ओळीमागे आवाजच उरलेला नाही, नुसतं नाव उरलंय. ध्वनीचा ठसा वेगळ्या जागी कामाला येतो. एका ओळीला तीन उमेदवार सापडले आणि ठशावरून कळलं की तिन्ही एकाच ध्वनिमुद्रणाच्या प्रती आहेत, तर वादच मिटला. कुठलीही घ्या. ठसे वेगळे निघाले तर मात्र वाद खरा आहे.

गंमत म्हणजे तबकड्यांच्या पहिल्या काळात ही ओळख-समस्या फार साधेपणानं सोडवली जायची. गाणारे तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव मोठ्यानं सांगत. माहिती गाण्याच्या आतच असायची, पत्त्यावर अवलंबून नसायची.

‘शंका’ हा खण सगळ्यात महत्त्वाचा

फेलेगी-संटर यांच्या मांडणीतला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे निकाल दोन नाहीत, तीन आहेत. बेरीज वरच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर जोड. खालच्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर सोडून दे. मधे असेल तर माणसाला विचार.

या दोन मर्यादा कुठे ठेवायच्या हे गणित सांगत नाही. चुकीची किंमत सांगते. प्रवासात ऐकायची सिनेगीतांची यादी असेल तर एखादं गाणं चुकलं तरी काय बिघडतं? मर्यादा जवळजवळ आणा, माणसाला त्रास देऊ नका. पण सरांच्या यादीत पूरियाच्या जागी मारवा बसला तर तो धडाच उलटा होतो, आणि ते कळायलाही कान तयार लागतो. न सापडलेली ओळ निदान ‘मी सापडले नाही’ असं सांगते. चुकीची जोडलेली ओळ काहीच सांगत नाही, सुखानं वाजत राहते. म्हणून तिथे मधली पट्टी रुंद ठेवली आहे. शंकेच्या ओळींसाठी सरांची मुलगी आणि त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी एकजण उमेदवार ऐकून ठरवतात. वेळ लागतो. लागू दे.

इथे एक मोह होतो, तो सांगते, कारण माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्याच्याभोवतीच आहे. यादीतला क्रम पुरावा म्हणून वापरता येतो. वरची आणि खालची ओळ एकाच फोल्डरमध्ये सापडली, तर मधलीही तिथलीच असण्याची शक्यता वाढते. एखादा अल्बम सलग लावलेला असेल तेव्हा हे छान चालतं. पण सरांच्या यादीत शेजारच्या ओळी मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणच्या आहेत. तुलना करायची म्हणूनच त्या शेजारी आणल्यात! तिथे हा नियम लावला, तर साधन हळूहळू सगळ्या याद्या ‘नेहमीच्या’ याद्यांसारख्या करून टाकेल. शिवाय जी गोष्ट जपायची आहे, तिच्याबद्दलचं आपलं गृहीतकच आपण पुरावा म्हणून वापरतोय. म्हणून माळ आधी जिवंत किंवा नक्की जुळलेल्या ओळी बघते. त्यात शेजारी खरोखर एकाच फोल्डरमधले असतील तरच त्या यादीपुरतं शेजाराला वजन देते. नसतील तर शून्य.

लिहिताना पाळायचे नियम

असं साधन कुणाच्या एकुलत्या एका प्रतीवर चालतं, त्यामुळे काही पथ्यं कडक आहेत.

मूळ यादीला हात लावायचा नाही. नवी यादी आधी तात्पुरत्या नावानं पूर्ण लिहायची आणि मग एका झटक्यात नाव बदलायचं. एकाच डिस्कवर हे नाव बदलणं युनिक्समध्ये अखंड होतं, म्हणजे साधन मधेच बंद पडलं तरी अर्धवट यादी उरत नाही.

न कळलेलं फेकायचं नाही. एमथ्रीयूमध्ये हॅशनं सुरू होणारी अनोळखी ओळ प्लेअर सोडून देतात. पण लोकांनी तिथे टिपा लिहिलेल्या असतात. त्या जशाच्या तशा, आपापल्या जागी ठेवायच्या.

तीच आज्ञा दुसऱ्यांदा दिली तर काही बदलता कामा नये. बदललं, तर साधनात काहीतरी गडबड आहे.

आणि प्रत्येक जोडलेल्या ओळीवर हॅशनं सुरू होणारी एक टीप ठेवायची: कुठल्या पुराव्यावर जोडली, वजन किती, माणसानं ठरवलं की यंत्रानं. उद्या कुणाला शंका आली तर त्याला मागे जाता आलं पाहिजे.

तुमच्या याद्यांसाठी, आजच्या आज

माळ अजून सगळ्यांना देण्याजोगी झालेली नाही. पण तिच्याशिवायही तुम्ही बरंच करू शकता.

यादी गाण्यांच्या फोल्डरच्या आतच ठेवा आणि पत्ते सापेक्ष ठेवा, म्हणजे ‘डी ड्राइव्हपासून’ नव्हे तर ‘इथून पुढे’. मग अख्खं फोल्डर उचलून कुठेही नेलं तरी दुवे टिकतात. एमपीडी नावाचा प्लेअर हेच करतो. एकदा गाण्यांचं मूळ फोल्डर सांगितलं की त्याच्या याद्या तिथूनच पत्ते मोजतात.

यादी साठवताना पर्याय असेल तर शेवटी आठचा आकडा असलेली एमथ्रीयू-आठ निवडा. त्यात यूटीएफ-८ असतं, देवनागरीची प्रश्नचिन्हं होत नाहीत.

लांबी आणि नावाची ओळ साठवू द्या, जागा वाचवायच्या नादात ती बंद करू नका. पत्ता मेल्यावर हातात उरतं ते तेवढंच.

आणि क्रमामागे काही विचार असेल, तर तो हॅश घालून यादीतच एका ओळीत लिहून ठेवा. ‘आधी मारवा, मग पूरिया, गांधाराकडे लक्ष’ एवढं पुरे. दुवा तुटला तर तो कदाचित पुन्हा जोडता येईल. तुमच्या मनात काय होतं, ते मात्र कुठलंच साधन शोधून देऊ शकणार नाही.

पुढच्या लेखात शंकेच्या ओळी माणसांपुढे कशा क्रमानं ठेवायच्या त्याबद्दल लिहीन. दोघांनी एकच ओळ ऐकून वेगवेगळं उत्तर दिलं तर काय करायचं, हा प्रश्न सध्या माझ्या टेबलावर आहे. तोवर तुमच्या जुन्या याद्या उघडून बघा, आणि एखादी चमत्कारिक मेलेली ओळ सापडली तर जरूर कळवा.